बेबीताईंनी मागितलेली बाटली

पाणी सांडणाऱ्या माणसाचं तोंड सकाळी सकाळी पाहू नये, असं बेबीनंदाचं ठाम मत होतं, आणि मतं मनात ठेवणारी ती बाई नव्हती. शेजारणीच्या हातून कळशी हिंदकळली तरी ती भिंतीवरून ओरडायची. वाटूरच्या फाट्यावरून आत वळलं की रस्त्याच्या कडेला नव्या प्लॉटिंगची काही घरं लागतात. त्यातलं तिचं घर कुणाला विचारावं लागत नाही. दारापुढं पिंप, हंडे, बादल्या, तेलाचे डबे, सगळे काठोकाठ भरलेले आणि सगळ्यांवर झाकण. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भांड्यांचं केळीला. कपडे खळबळलेलं शेवटचं पाणी, ज्यात साबण उरलेला नसतो, ते भिंतीलगतच्या अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात, येणाऱ्याजाणाऱ्या जनावरांसाठी. जिथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथं याला चिक्कूपणा म्हणायचं की पुण्य, ते ज्यानं त्यानं ठरवावं. गाव तिला बेबीताई म्हणायचं आणि थोडं वचकून असायचं.

वचक होता तो पाण्यामुळं नव्हे, दारूमुळं. बेबीनंदाचा बाप अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस तोडायचा आणि दिवस मावळला की प्यायचा. एका हंगामात तो खोपीच्या वाटेवर पडला तो उठलाच नाही. पोरीनं तो वास तेव्हा ओळखला आणि जन्मभर त्याच्याशी वैर धरलं. लग्न होऊन या गावात आली, अंगणवाडीत सेविका झाली, पोरांना अ-आ-ई शिकवता शिकवता त्यांच्या बापांना फैलावर घेऊ लागली. विहारात पंचशील म्हणताना पहिली चार शीलं ती सगळ्यांबरोबर म्हणे. पाचवं, दारूचं, इतक्या मोठ्यानं म्हणे की मागच्या रांगेतले बाप्ये खाली बघत.

आणि मग तिनं गावातलं देशीचं दुकानच बंद पाडलं. त्यासाठी बायकांचं मतदान घ्यावं लागतं. दुकान राहू द्यायचं असेल तर उभ्या बाटलीवर शिक्का, बंद करायचं असेल तर आडव्या. बेबीनंदा घरोघर फिरली. मोर्चात फलकाचं एक टोक तिच्या हातात होतं आणि दुसरं शेजारच्या गिरिजाबाईच्या. गिरिजाबाईचा नवरा नुकताच पिऊन पिऊन मेला होता, कुंकू पुसलेलं कपाळ अजून ओलं होतं म्हणा ना. आडवी बाटली दणक्यात निवडून आली. त्यानंतर चोरून विकणारे दोघे-तिघे बेबीनंदानं स्वतः पोलिसांना धरून दिले. "आमच्या गावात औषधाला थेंब मिळत न्हाई," असं ती पाहुण्यारावळ्यांना छाती पुढं काढून सांगायची.

नवरा देवानंद एसटीत ड्रायव्हर होता. जन्मभर लोकांना त्यांच्या गावी सोडलं, आता आपण आपल्याला पाहिजे तिथं जाऊ, असं त्यानं निवृत्त होतानाच ठरवलं होतं. त्यानं जालन्याहून एक जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली, वेल्डरपाशी बसून आतली बाकडी काढून टाकली, पलंग बसवला, ओटा बसवला, टपावर पाण्याची टाकी चढवली. गाव त्या गाडीला घरगाडी म्हणू लागलं. बेबीनंदानं एकच अट घातली होती: कपडे धुवायची मशीन पाहिजे. सारनाथला, कुशीनगरला ती कळकट पांढऱ्या साडीत वंदनेला उभी राहणार नव्हती. मग ड्रायव्हरच्या सीटमागं एक छोटी मशीन नटबोल्टनं पक्की बसली. सारनाथ झालं, कुशीनगर झालं, आणि तिथून देवानंदला हिमाचलातले डोंगरावरचे विहार बघायची हुक्की आली.

तिथं बेबीनंदाला पहिला धक्का बसला. दिवाळीनंतरचे दिवस, वर बर्फाचे डोंगर. एका गावात गाडी लावली, तर तिथला गॅरेजवाला मशीनकडं बघून कपाळावर हात मारून घेऊ लागला. रात्री पाणी गोठतं, म्हणाला. गोठलेलं पाणी फुगतं, पाइप फाटतात, मशीनच्या पोटातला पंप फुटतो.

"पाण्यानं पंप फुटतो?" बेबीनंदा म्हणाली. आमच्याकडं पाणी नसल्यानं पंप जळतात, हे तिला ठाऊक होतं. पाणी आहे म्हणून वस्तू फुटते, हे तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

गॅरेजवाल्यानं तिच्या डोळ्यांदेखत नळ्या सोडवल्या, खालची जाळी उघडली आणि मशीनमधलं, टाकीतलं, पाइपातलं, होतं नव्हतं तेवढं चांगलं पाणी रस्त्यावर सोडून दिलं. ती दोनदा बादली घेऊन धावली. मग तो म्हणाला, कितीही काढा, पंपाच्या कोपऱ्यात थोडं राहतंच. त्यासाठी खास औषध मिळतं, ते त्याच्याकडं नव्हतं. म्हणून त्यानं गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तो हिरवा कूलंट मशीनमध्ये ओतला आणि मशीन थोडी फिरवून तो आतल्या सगळ्या पाइपात पोचवला. कूलंट गोठत नाही, आणि ज्यात मिसळतो तेही सहसा गोठू देत नाही. "घर जाके पहला पानी फेंक देना," असं त्यानं देवानंदला बजावलं. देवानंदनं मान डोलावली. कूलंट विषारी असतो हे ड्रायव्हर माणसाला सांगावं लागत नाही, आणि जे आपल्याला सांगावं लागत नाही ते बायकोलाही ठाऊक असणार, असं पुष्कळ नवऱ्यांना वाटत असतं.

डिसेंबर लागता लागता ते घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी देवानंद गाडीखाली पालथा पडून काहीतरी पिळत होता. तिथूनच म्हणाला, "बेबी, मशीनमधी दोन बादल्या पाणी घालून फिरव अन् फेकून दे. मंग कपडे टाक."

"फेकून काहून? साबण हाय का त्याच्यात?"

"साबण न्हाई. कूलंट हाय."

साबण नाही, एवढं तिला पुरलं. साबण नाही, मळ नाही, कुणाचा कपडा त्यात बुडलेला नाही. जरा हिरवं दिसतंय इतकंच, आणि हिरवं तर तळ्याचं पाणीही दिसतं. असलं पाणी मातीत ओतायचं म्हणजे पापच. तिनं मशीनची नळी खिडकीतून बाहेर काढली आणि निळ्या पिंपात सोडली. जनावरं तेवढीच दुवा देतील, असं मनाशी म्हणत ती चहा टाकायला गेली.

दुवा द्यायला आली ती शेवंती. शेवंती म्हणजे गिरिजाबाईची वगार, म्हशीचं पारडू. आई तिला जन्म देऊन दोन दिवसांत मेली, तेव्हा गिरिजाबाईनं ह्याच्या-त्याच्याकडून दूध आणून, बोट चाटवून तिला जगवलं. नवरा गेलेला, शेत दिरानं घेतलेलं. ही वगार वाढेल, म्हैस होईल, दूध देईल, एवढ्या एका आशेवर ती बाई बसली होती. शेवंतीला दावं नव्हतं. ती दोन्ही घरं आपलीच समजून हिंडायची. कूलंट गोड असतो, आणि गोड पाणी तिला जन्मात पहिल्यांदा मिळालं होतं. तिनं पिंपाचा तळ चाटून काढला.

ऊन वर आलं तशी भिंतीपलीकडून गिरिजाबाईची हाक आली. "ताई! ओ ताई! जल्दी या, शेवंतीला काय झालं बघा!"

बेबीनंदा धावली. शेवंती अंगणात चालत होती, पण चालणं तिचं नव्हतं. पुढचे पाय एकीकडं, मागचे दुसरीकडं. भिंतीला धडकली, वळली, परत धडकली. ती चाल बेबीनंदाला पाठ होती. खोपीच्या वाटेवर तिनं ती लहानपणी रोज पाहिली होती.

"हिला कोण पाजली?" ती ओरडली. "गिरजे, कोण्या मेल्यानं पाजली हिला?"

"कोणी न्हाई वं ताई! सकाळपासून तुमच्याच दारात व्हती!"

तेवढ्यात देवानंद हात पुसत आला. वगारीकडं बघितलं, मग भिंतीवरून वाकून निळ्या पिंपाकडं. "बेबी," तो म्हणाला, "ते पाणी कुठं टाकलंस?"

तिनं बोट दाखवलं. पिंप कोरडं होतं.

"अगं, जहर हाय ते!"

बेबीनंदा तिथंच, गिरिजाबाईच्या अंगणात खाली बसली. आपल्या हातून, आपण साठवलेल्या पाण्यातून, ह्या बाईचं एकुलतं एक जनावर मरणार. हे तिच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. देवानंदनं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना, अर्पिता मॅडमना, फोन लावला आणि तिच्या हातात दिला. मॅडम परतूरच्या पलीकडं एका लसीकरणाला गेलेल्या होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मी निघते, पण पोचायला वेळ लागेल," त्या म्हणाल्या. "तोवर तिला दारू पाजा."

"काय पाजू?"

"दारू. देशी चालेल. तेवढंच पाणी मिसळून, थोडी थोडी."

"मॅडम, ती आधीच पिल्यावानी करून राह्यली!"

"म्हणूनच सांगतेय, ताई. कूलंट पोटात गेलं की यकृत त्याचं खरं विष बनवतं. दारू दिली की यकृत आधी दारूच्या मागं लागतं, आणि कूलंट तसंच लघवीतून निघून जातं. माझ्याजवळ इथं दुसरं औषध नाही. उशीर झाला तर मूत्रपिंडं जातील. मग मी येऊनसुद्धा काही करता येणार नाही."

फोन बंद झाला. देवानंद मोटारसायकलला किक मारून फाट्याकडं निघाला. तो गेल्यावर बेबीनंदाला आठवलं की आज तालुक्याच्या शहरात नगरपालिकेचं मतदान होतं. सगळीकडं ड्राय डे. फाट्यावरच्या परवानावाल्या दुकानाचं शटर खाली असणार. ड्राय डे रोज का नसतो, असं ती दर निवडणुकीला म्हणायची.

ती उठली. पदर खोचला आणि गावात शिरली.

पारावर तातेराव बसला होता. तातेरावची ख्याती अशी की तो पोळ्याच्या दिवशी बैलाऐवजी स्वतःच मिरवणुकीत आडवा होतो. बेबीनंदा त्याच्यापुढं उभी राहिली.

"तातेराव, एक बाटली पायजे."

"कशाची, ताई?"

"दारूची."

तातेरावच्या हातातली बिडी खाली पडली. त्यानं दोन्ही कान पकडले. "पोराची आण ताई, सोडल्याला साल झालं. वासबी घेत न्हाई."

"मला पायजे, तातेराव! वगार मरून राह्यली गिरजीची. डॉक्टरनं सांगितलं."

"वगारीला दारू?" तातेराव आजूबाजूला बघत म्हणाला. "असं कुठं असतं का, ताई?" आणि तो उठून, चप्पल न घालताच, बोळात दिसेनासा झाला.

पारावरची बाकीची माणसंही एकेक करून उठली. कुणाला एकदम शेताची आठवण झाली, कुणाला मतदानाची, आणि त्या गावात मतदान नव्हतंच. बेबीनंदानं दारं वाजवली. ज्याच्या घरातून दर आठवड्याला भांडणाचा आवाज येतो तो म्हणाला, आम्ही माळकरी. दुसऱ्यानं दार उघडून तिला पाहिलं आणि परत लावून घेतलं. दाराआडून त्याचं बोलणं तिला स्वच्छ ऐकू आलं: "हुशार हाय बाई. वगारीचं निमित्त करून धराया आली. मागं सर्जेरावाला असंच धरलं व्हतं." ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडली, "मला कोणाला धरायचं न्हाई! मुकं जनावर हाय रे ते, एक बाटली द्या!" एकही दार उघडलं नाही. आपण जन्मभर जे मागितलं तेच गाव आपल्याला देतंय, हे तिला तिथं उभ्या उभ्या उमगलं, आणि रडू फुटलं.

ती रिकाम्या हातानं परत आली. शेवंती आता चालत नव्हती. ती आडवी पडली होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि गिरिजाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"न्हाई मिळाली, गिरजे," बेबीनंदा म्हणाली. "अख्ख्या गावात एक थेंब न्हाई."

गिरिजाबाईनं तिच्याकडं बघितलं. मग वगारीचं डोकं हलकेच खाली ठेवलं, उठली आणि गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन कडब्याच्या पेंढ्या बाजूला करू लागली. परत आली तेव्हा तिच्या पदराखाली देशीची बाटली होती. नवी, बूच न उघडलेली.

बेबीनंदानं बाटलीकडं बघितलं. "मालकाची राहिल्ती व्हय, गिरजे?"

"मालकाला जाऊन किती वर्षं झाली, ताई," गिरिजाबाई म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "धरा. ही पुरली न्हाई तर अजून हायेत."

अजून हायेत. बेबीनंदाला कुणी कानाखाली मारली असती तरी तिला इतकं लागलं नसतं. फलकाचं दुसरं टोक धरणारी बाई. तिच्या नवऱ्याच्या मयताला आपण गेलो होतो. मध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीवरून रोज बोलणं, लोणच्याची देवाणघेवाण. संध्याकाळी तिच्या मागच्या दारानं माणसं येतात ती उद्याच्या मजुरीचं सांगायला, असं आपण समजत होतो.

शेवंतीनं पाय झाडले. तेव्हा बेबीनंदाला सुचलं की आता विचार करायची वेळ नाही. तिनं बाटली आपल्या हातात घेतली. बूच उघडताच तो वास आला, खोपीतला, बापाच्या सदऱ्याचा. तिनं नाकाला पदर बांधला. बांबूच्या नळकांड्यात अर्धी दारू, अर्धं पाणी घातलं, वगारीचा जबडा वर धरला आणि घोटघोट आत सोडलं. पाचवं शील सगळ्यांत मोठ्यानं म्हणणारी बाई स्वतःच्या हातानं दारू पाजत होती, आणि "पी गं बाई, पी माझे आई," असं विनवत होती.

भिंतीवर पोरं चढली. पोरांमागं बायका आल्या आणि बायकांमागं, अंतर राखून, बाप्ये. "बेबीताई खरंच पाजून राह्यली!" अशी कुजबुज झाली. कुणी हसलं नाही. मग गर्दीतून तातेराव पुढं आला, अनवाणीच, आणि सदऱ्यातून एक बाटली काढून कट्ट्यावर ठेवली. "घरात सापडली, ताई. औषधाला ठेवल्ती." त्याच्यामागून माळकऱ्याची बायको आली. तिनं पदराखालून काढली. मग दार लावून घेतलेला आला. आडव्या बाटलीवर शिक्का मारताना जिचं बोट बेबीनंदानं स्वतः धरलं होतं, ती म्हातारीसुद्धा एक चपटी ठेवून गेली. कुणी वर बघत नव्हतं. कट्टा भरत चालला होता, आणि प्रत्येक बाटलीला बेबीनंदा नव्यानं दचकत होती. इतकी वर्षं दारूबंदी होती ती तिच्या एका उंबऱ्यापुरती.

फाट्यावरून हात हलवत आलेला देवानंद ते बघून जागीच थांबला. "आपल्या घरात न्हाई बरं का," तो न विचारताच म्हणाला.

दुपार कलली तेव्हा अर्पिता मॅडम आल्या. त्यांनी वगारीला तपासलं, सलाईन लावली, आणि मग कट्ट्यावरच्या बाटल्या बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. "एवढी नको होती," त्या म्हणाल्या. "पण वेळेवर दिलीत. लघवी होतेय, म्हणजे धोका टळलाय असं धरू. उद्या डोकं दुखेल तिचं." दिवस मावळायच्या आत शेवंतीनं मान उचलली आणि गिरिजाबाईचं बोट तोंडात धरून चोखलं. गिरिजाबाई वगारीच्या गळ्यात पडून रडली. लोक पांगले. आपापली उरलेली बाटली मात्र कुणी विसरलं नाही.

अंगणात दोघीच राहिल्या.

"ताई," गिरिजाबाई डोळे पुसत म्हणाली, "उद्या पोलिसाला बोलवा. मी खोटं बोलणार न्हाई."

"तुझा माणूस दारूनं खाल्ला, गिरजे. अन् तूच इकतीस?" बेबीनंदानं विचारलं. "मोर्चात माझ्या बराबर व्हतीस तू."

"व्हते ना. तुम्ही हात धरून नेलं, घोषणा शिकवल्या, मी दिल्या. फोटोबी निघाला." गिरिजाबाईचा आवाज चढला नाही. "दुसऱ्या दिवशी माझी चूल पेटली का न्हाई, ते बघाया कोणी आलं न्हाई, ताई. मधी एक भिंत व्हती. त्या भिंतीवरून तुम्ही माझ्या जनावराला धुण्याचं पाणी देत व्हत्या. मला लई भारी वाटायचं. पण पाण्यावर पोट भरत न्हाई. दुकान बंद झालं तवा माणसं माझ्या दारात आली. मी नको म्हणून किती दिवस म्हणू?"

बेबीनंदाला तो मोर्चा आठवला. आपण या बाईला मोर्चात पुढं उभं केलं, कारण तिचा नवरा नुकताच मेला होता आणि ते लोकांना दिसायला पाहिजे होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की भिंतीपलीकडं जावं, दार लावून घ्यावं. ती अर्धी उठलीसुद्धा. मग परत बसली. कट्ट्यावर नाही, खाली, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, गिरिजाबाईच्या गुडघ्याला गुडघा लावून.

"हे बंद करावं लागंल, गिरजे. ते मी सोडणार न्हाई," ती म्हणाली. "पण बंद केल्यावर तू काय खाशील, ते आधी ठरवू. दोघी मिळून ठरवू. ते ठरल्याबिगर मी इथून उठत न्हाई."

गिरिजाबाईनं शेवंतीच्या तोंडातलं बोट सोडवून घेतलं, पदराला पुसलं.

"लई वर्षं लावली, ताई, बसायला," ती म्हणाली.